गुडघ्याच्या स्कॅनला आलेला फॉरवर्ड

साडेदहाचा पेशंट आला होता, पण मला दिसेना. वेटिंग रूममध्ये पोर्टर, दोन नर्सेस आणि बाकीचे पेशंट असं कोंडाळं जमलेलं. एकजण चक्क प्लास्टरवर सही घेत होता. मधोमध माझा पेशंट, मांडीवर फॉर्म ठेवून हसत बसलेला.

मी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. मूळची नागपूरची, फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. हा घानाचा निवृत्त फॉरवर्ड. नाव सांगणार नाही, मला नोकरी हवी आहे.

"कमाल आहे बाई तुझी, याला ओळखत नाहीस?" रिसेप्शनवरच्या सुलभाताई म्हणाल्या. "याच्यासाठी गणपतीची आरती चालू असताना मोबाइलवर म्यूट करून मॅच बघितलीये मी!"

"ताई, माझी लिस्ट अर्धा तास मागे आहे," मी फणकारले.

एमआरआय मशीन म्हणजे भलामोठा लोहचुंबक. म्हणून आत नेण्याआधी शरीरात कुठे धातू आहे का, हे विचारायचंच. पेसमेकर, क्लिप, डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण. त्याने फॉर्मवर सगळीकडे 'नो' लिहिलं होतं. नियमाप्रमाणे मी तोंडीही विचारलं. तो सेल्फीसाठी मान वाकडी करून म्हणत राहिला, "नो, माय डिअर, नो." मीही भराभर टिक केलं. चूक माझीच.

गाउन घालून तो स्कॅनरच्या दाराशी पोचला, तोच सुलभाताई धावत आल्या. फॉर्म सिस्टिमवर चढवताना त्यांनी तो वाचला होता.

"थांब! डोळ्याचं विचारलंस का?"

"विचारलं. नो म्हणाला."

"नो काय, कपाळ माझं! अगं, लहानपणी काकाच्या वेल्डिंगच्या दुकानात काम करायचा हा. डोळ्यात लोखंडाचा कण गेला, तर पट्टी बांधून खेळला आणि दोन गोल मारले. प्रत्येक इंटरव्ह्यूत सांगतो!"

मी त्याला विचारलं. "येस, येस, दोन गोल!" स्वारी खूश.

"आणि तो कण काढला का?"

त्याचं हसू मावळलं. "मॅच होती ना. नंतर दुखायचं थांबलं."

अरे बाप्पा! चुंबकाने तो कण आतल्या आत ओढला असता, तर डोळा गेला असता. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका, अगदी स्पष्ट. स्कॅन रद्द झाला आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

"इतकी वर्षं मी हे गंमत म्हणून सांगतोय," जाताना तो म्हणाला.

मॅनेजरने मला इन्सिडेंट फॉर्म, म्हणजे झाल्या चुकीचा अहवाल, भरायला बसवलं. "चूक लक्षात कशी आली?"

"रिसेप्शनिस्टला पेशंट तोंडपाठ आहे."

"असं लिहिता येणार नाही. 'स्टाफच्या सतर्कतेमुळे' लिही."

सुलभाताईंना हे कळलं तेव्हा त्या भडकल्याच. "सतर्कता कसली डोंबलाची? वीस वर्षांची भक्ती आहे ती!"

आता पेशंट कितीही मोठा असो, प्रश्न बंद खोलीत विचारते. आणि 'नो' आलं तरी पुढे एक प्रश्न माझ्या पदरचा असतो: "लहानपणापासून काय काय कामं केलीत?"