पसंतीक्रम

अ‍ॅडमिशन सेक्शनमध्ये काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते टोकन घेऊन खिडकीसमोर रांगेत उभे असतात! परळच्या एका सरकारी कॉलेजात सव्वीस वर्षं मी त्या खिडकीमागे बसते आहे. घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "पुस्तक काढ एखादं." पण विद्यापीठाने बारावीच्या टक्क्यांची लिस्ट बंद करून प्रवेश परीक्षा आणल्यापासून माझ्याकडे जे किस्से जमलेत, ते ऐकून मैत्रिणी आधी हसतात आणि मग हातातला चहाचा कप खाली ठेवतात. त्यातला एक तर माझ्याच चुकीचा आहे. तोही सांगणार आहे, पण आधी बाकीचे ऐका.

*

लिस्ट होती तेव्हाची गोष्ट. आमचे शिपाई पेडणेकर सकाळी दहाला बोर्डावर लिस्ट चिकटवायचे आणि त्यांचा हात निघायच्या आत दोनशे पोरं त्यांच्या पाठीवर चढायची. एका वर्षी शिवाजी पार्कचे एक आजोबा आले. बँकेतून रिटायर झालेले, मॉर्निंग वॉक आटोपून थेट खिडकीवर. नातवाला ९१.८ टक्के आणि आमची लिस्ट थांबली होती ९२ ला.

"मॅडम, आमच्या बँकेत पॉइंट आठचा एक करायचे."

"आजोबा, तुमच्या बँकेत त्याच काउंटरवर आणखी शंभर जण पॉइंट आठ घेऊन उभे नसायचे!"

ऐकतात कसले! रोज यायचे, लिस्ट 'नरम झाली का' ते बघायला. दुसरी लिस्ट ९१.६ ला लागली आणि नातू आत आला. आजोबांनी पेढ्याचा पुडा पेडणेकरांच्या हातात ठेवला. "तुम्हीच खाली आणलीत!"

पेडणेकर म्हणाले, "साहेब, मी फक्त चिकटवली."

या दुसऱ्या लिस्टच्या जोरावर सगळी मुंबई चालायची. पहिल्या लिस्टला जे कॉलेज मिळेल तिथे पैसे भरून जागा धरायची, मग हव्या त्या कॉलेजची दुसरी लिस्ट लागली की पहिली जागा सोडून इकडे उडी मारायची. मी शेकडो पोरांना हेच सांगितलं असेल. "आधी हातातलं धर, मग उडी मार!"

*

पेडणेकरांची मुलगी सायली. लालबागच्या चाळीतली, आजोबा गिरणीत होते. दहावीत असल्यापासून ती शनिवारी वडिलांचा डबा घेऊन यायची आणि माझ्या टेबलाशी रेंगाळायची. आमच्याकडे संख्याशास्त्राचा कोर्स आहे, साठ जागांचा. आसपासच्या दुसऱ्या कुठल्या सरकारी कॉलेजात तो नाही आणि खाजगीतली फी पेडणेकरांनी विचारलीसुद्धा नसती.

"काकू, संख्याशास्त्राला किती लागतात?"

"तुला काय करायचंय एवढ्यात?"

"मला इथंच शिकायचंय. बाबा रोज ज्या वर्गांना कुलूप लावतात ना, त्यातल्याच एका वर्गात."

पेडणेकर डोक्याला हात लावून म्हणायचे, "चेडू हट्टाला पेटलंय मॅडम. दुसऱ्या कॉलेजाचा नाव काढूक देत नाय." पण सांगताना छाती फुगलेली दिसायची, ती काही लपायची नाही.

*

मग नवी पद्धत आली. विद्यापीठातून एक साहेब प्रोजेक्टर घेऊन समजवायला आले. बोर्डाबोर्डाच्या टक्क्यांत फरक असतो, कुठे मार्कांची खैरात होते, म्हणून सगळ्यांची एकच परीक्षा. आता हे चूक आहे असं मी म्हणणार नाही. ती खैरात मी याच खिडकीतून बघितली आहे.

पण मार्क नाहीत, पर्सेंटाइल! आमच्या उपप्राचार्य मॅडम गणिताच्या नव्हेत. त्यांनी तीनदा विचारलं, "म्हणजे पोरांना मिळणार तरी किती?"

साहेब म्हणाले, "किती मिळाले ते विसरा. तुमच्या मागे किती जण आहेत, तेवढंच बघा."

पेडणेकर चहा देत होते. साहेब गेल्यावर कप गोळा करता करता ते मला म्हणाले, "मॅडम, म्हणजे मार्क आपल्या पोरीचे नाहीत. मागं राहिलेल्या पोरांचे."

प्रोजेक्टरपेक्षा हे मला लवकर कळलं.

*

एक चांगला किस्साही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती रडते. दर वर्षी जूनमध्ये प्रिन्सिपल सरांच्या टेबलावर चिठ्ठ्या यायच्या. 'आपला माणूस आहे, बघून घ्या.' सर त्या ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि बीपीची गोळी घ्यायचे.

नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी एक जाडजूड कार्यकर्ता आला. चिठ्ठी ठेवली आणि खुर्ची ओढून बसला. सरांनी चिठ्ठी वाचली, दुमडली, परत दिली आणि हात जोडून म्हणाले, "माझ्या हातात आता काहीही नाही!"

असं काही खुशीत म्हणाले की, तो माणूस दचकून उठलाच! त्या दिवशी सरांनी सगळ्या सेक्शनला वडापाव खिलवला. मीही दोन खाल्ले.

*

मग पोर्टल उघडलं. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा, चेहरा मध्यभागी हवा, कान दिसले पाहिजेत. वरळी कोळीवाड्यातली एक मुलगी आईला घेऊन आली. आई पहाटेचा बाजार उरकून तशीच आलेली. मुलीचा फोटो तीनदा रिजेक्ट झाला होता. मोबाइलवर इंग्रजीत आलेला मेसेज तिने माझ्यापुढे धरला. चेहरा आढळला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आईने मेसेज वाचून घेतला, पोरीच्या हनुवटीला धरून तिचं तोंड माझ्याकडे फिरवलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच बघा. हाय का नाय?"

मी म्हटलं, "आहे हो, चांगला आहे!" पण माझ्या म्हणण्याला पोर्टलवर जागा नव्हती. शेवटी आमच्या लॅबच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभी करून फोटो काढला आणि तो चालला.

*

निकाल लागला आणि आमच्या गिरगावातल्या गल्लीतल्या जुळ्या बहिणी आईसकट घरीच आल्या. एकीचा पेपर सकाळच्या शिफ्टला, दुसरीचा दुपारच्या. सकाळचा पेपर सोपा गेला, दुपारचा जड. दोघींनी उत्तरं ताडून पाहिली तर सकाळवालीची बरोबर उत्तरं जास्त आणि दुपारवालीचं पर्सेंटाइल जास्त!

मी समजावलं. दुपारचा पेपर सगळ्यांनाच जड गेला, त्या गर्दीत हिचा नंबर वर लागला. याला नॉर्मलायझेशन म्हणतात, हिशोब बरोबर आहे वगैरे. आई शांतपणे ऐकून घेत होती.

"हिशोब बरोबर असेल हो वहिनी," ती म्हणाली. "पण एका पोटातल्या दोघी. आजवर कधी भांडल्या नाहीत, आणि निकालापासून एकमेकींशी बोलत नाहीयेत. ते कुठे नॉर्मल करून मिळतं?"

मी चहा टाकायला उठले. दुसरं काय करणार?

*

आता माझा किस्सा.

सायलीला ९३.४ पर्सेंटाइल मिळालं. पेडणेकरांनी सगळ्या सेक्शनला लाडू वाटले. पण आदल्या वर्षी आमचं संख्याशास्त्र ९४ ला बंद झालं होतं, म्हणजे पोर काठावर. पसंतीचा फॉर्म भरायला दोघं माझ्याच टेबलाशी बसली. कॉलेजांची नावं आवडीच्या क्रमाने टाकायची होती.

मी म्हटलं, "वडाळ्याचं कॉलेज पहिलं टाक. साधं बीएस्सी आहे, तुला नक्की मिळेल. आपलं दुसरं टाक. आधी हातातलं धरायचं, मग इकडे यायचं."

सायलीने पेन थांबवलं. "काकू, पण मला इथलं जास्त हवंय. मग हेच पहिलं नको?"

"अगं, सव्वीस वर्षं हेच करतेय मी!"

पेडणेकर म्हणाले, "मॅडम सांगतात तसाच कर. उगाच शहाणपणा नको."

तिने तसंच केलं.

विद्यापीठाची माहितीपुस्तिका माझ्याच टेबलावर होती. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मी ती त्यांच्यावर ठेवली होती. आत त्या वर्षीचा नवा नियम स्पष्ट लिहिला होता की, पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर तीच घ्यावी लागेल, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून नाव बाद होईल. मी ते वाचलं नव्हतं. मला येतंय, असं वाटलं होतं.

*

पहिल्या फेरीत सायलीला वडाळा मिळालं. नाव तिथेच लॉक झालं.

आमचं संख्याशास्त्र त्या वर्षी ९१ ला बंद झालं. पोर सरळ आत आली असती! काठावर नव्हतीच ती.

ती संध्याकाळी आली. रडली नाही. "काकू, आता ते सोडून इकडे उडी मारायची ना? कुठलं बटण दाबू?"

बटण नव्हतं. एवढं सांगायला मला दहा मिनिटं लागली. मी माहितीपुस्तिका उघडून तिच्यापुढे ठेवली आणि ते पान बोटाने दाखवलं, कारण तोंडाने म्हणवेना. तिने वाचलं, पुस्तिका मिटली आणि परत त्याच कागदांवर नीट ठेवली. "येते काकू," म्हणाली.

त्यानंतर शनिवारचा डबा पेडणेकर सकाळी स्वतःच घेऊन यायला लागले.

*

मी गप्प बसले नाही हो. हेल्पडेस्कला लिहिलं, 'मुलीची चूक नाही, माझी आहे.' तिसऱ्या दिवशी मेल आला. 'आपल्या शंकेचे समाधान झाले आहे. कृपया आमच्या सेवेला तारे द्या.' मी एक तारा दिला. लगेच उत्तर आलं, 'धन्यवाद!'

ऑगस्टमध्ये आमच्या संख्याशास्त्राच्या दोन पोरांनी इंजिनिअरिंगला जागा मिळाल्यावर प्रवेश रद्द केला. फेऱ्या संपल्या होत्या. साठ जागांचा वर्ग, बसायला अठ्ठावन्न. मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, दोन जागा रिकाम्या आहेत. एक द्या. पेडणेकरांच्या मुलीला. हवं तर मी लिहून देते, चूक माझी."

सरांनी चष्मा काढला. "वैद्य मॅडम, पूर्वी असतं तर आत्ता सही केली असती. माझ्या हातात काही नाही आता."

या वेळी वडापाव कोणी मागवला नाही. एके काळी चिठ्ठ्यांपायी होणाऱ्या या सहीला मीच नावं ठेवत होते, आणि त्या दिवशी मला तीच हवी होती. माझीच मला लाज वाटली.

पेडणेकर मला त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. रोज सकाळी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणून पाण्याचा ग्लास ठेवतात. ओरडले असते तर बरं झालं असतं.

*

दिवाळीनंतर नव्या पद्धतीचा आढावा घ्यायला विद्यापीठाची समिती आली. तीन जण. अध्यक्ष एक वयस्कर प्राध्यापक, स्वभावाने खरंच चांगले, सगळ्यांना "बसा, बसा" म्हणणारे. मी फाइली घेऊन प्रिन्सिपल सरांच्या शेजारी बसले होते. आकडे झाले, तक्ते झाले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कागदावरचं पुरे झालं. मला माणसांकडून ऐकायचंय. यंदा तुमच्यापैकी कोणाच्या घरचं मूल या प्रक्रियेतून गेलं का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठरवलं, आज बोलायचं. काय होईल ते होवो. घसा साफ केला, तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेले पेडणेकर म्हणाले, "माझी मुलगी गेली, साहेब."

"अरे वा! मग? काय अनुभव?"

पेडणेकरांनी एकेक कप उतरवून ठेवला. "पहिल्याच फेरीत लागली."

"कितवी पसंती?"

"पहिली."

अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "लिहून घ्या हे! शिपायाची मुलगी, पहिली फेरी, पहिली पसंती. याचसाठी तर केला हा सगळा खटाटोप!" शेजारच्या सदस्याने लिहून घेतलं. अध्यक्षांचे डोळे खरोखर भरून आले होते. उठून त्यांनी पेडणेकरांचा हात हातात घेतला. "पसंतीक्रम भरतानाच बहुतेक मुलं चुकतात. तिला कोणी मदत केली?"

पेडणेकरांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या मॅडमनी."

अध्यक्ष माझ्याकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. "मॅडम, तुमच्यासारखं एक माणूस प्रत्येक कॉलेजात असायला हवं!"