मिस्त्रींनी बजावलं होतं

गाडी समोर आली की मिस्त्री आधी बोनेटवर उलटा हात ठेवायचे, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "ताप तं दिसते गुरुजी, बिमारी पाहू द्या."

बालाघाटात त्यांचं छोटं गॅरेज होतं. असा एखादा मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल. कुणी घाई केली की यांचं उत्तर ठरलेलं: "गरम इंजनाले अन् गरम मानसाले मी हात लावत नाही."

मी शाळामास्तर, माझी जुनी गाडी सारखी तापायची. इंजिन थंड झाल्यावर त्यांनी पाणी पाहिलं, पंख्याचा पट्टा दाबला, पाइप चाचपले. शेवटी रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केली आणि मला जवळ बोलावलं. पाण्यात बुडबुडे येत होते.

"हेड गॅस्केट गेलं. सामान नागपूरहून येईन. तवरीक गाडी हलवू नका."

"परवा किरनापूरला भाचीचं लग्न आहे."

"मंग बसनं जा ना! मामाले कोनी वापस पाठवते काय?"

मामा बसने आला, हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. गाडी काढली. वाटेत काटा लालवर गेला. बायको थांबा म्हणाली, मी थांबलो नाही. किरनापूर दिसू लागलं आणि इंजिन जाम झालं.

कुणाच्या तरी मोटारसायकलवर मांडवात पोचलो. नवरीला बोहल्यावर न्यायला मामा नाही, म्हणून मुहूर्त टळला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मिस्त्रीने घात केला. गाडी ठीक आहे म्हणाला होता."

मांडवातले निम्मे लोक त्यांचे गिऱ्हाईक. आणि गुरुजी कशाला खोटं बोलतील?

पंधरा दिवसांनी मिस्त्री माझ्या घरी आले. ओसरीवर शेजारी बसले होते. "गुरुजी, मी काय म्हनलो होतो तुमाले?"

"आठवत नाही."

"हौ. उमर झाली तुमची," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

वर्षभरात गॅरेज बंद पडलं. मग ते एका पेट्रोल पंपावर चाकांत हवा भरायचे. मी माझी गाडी तिकडे कधी नेली नाही.

ते गेल्याचं कळल्यावर, मागच्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोसमोर बसून सगळं खरं सांगितलं. ती गहू निवडत होती. हात थांबला नाही.

"मले काय सांगता, गुरुजी? मले तं मालूमच होतं. मांडवात सांगाचं होतं."