बोटं हळदीसारखी पिवळी

तंजावरात मला राहायला खोली दिली ती अक्कांनी. मी आठवीतून शाळा सोडलेला, विट्याकडच्या खेड्यातून इथं सोनं गाळायच्या दुकानात कामाला आलेला. त्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. त्यांचे पूर्वज कधीतरी आमच्याच मुलखातून इकडं आले आणि इथलेच झाले. घरची भाषा मराठी, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. माझं उलटं. तमिळ कामापुरतं बोलायला शिकलो, अक्षर मात्र एकही ओळखता येत नव्हतं. त्यांची मराठी ऐकली की कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटायचं.

पहिल्या दिवशी मला जेवायला वाढलं आणि माझ्या हातांकडं बघून म्हणाल्या, "तंबी, हात धुतलास काय? बोटांस हळद तशीच आहे." तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

मी उठून साबणानं परत हात धुतले. ते डाग हळदीचे नव्हते. सोन्यातली भेसळ काढायला तेजाब म्हणजे ॲसिड लागतं, ते बोटांवर उडतं आणि कातडी पिवळी पडते. साबणानं जात नाही, ते कातडं गळून पडतं तेव्हाच जातं. आमच्या गावात निम्म्या गड्यांची बोटं अशीच, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण नव्या गावात, फुकट जेवू घालणाऱ्या बाईला उलट उत्तर कसं द्यायचं? पुढं सात वर्षं त्या तेच म्हणत राहिल्या आणि मी हात धूत राहिलो.

अक्कांकडं दोन लांबट वह्या होत्या. कचेरीत असताना अनोळखी प्रेतांचे पोलिसांकडून येणारे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. गठ्ठे बांधायचे, नोंद करायची, कपाटात ठेवायचे, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी रोज ग्रंथालयात जायला सुरुवात केली. जुनी वर्तमानपत्रं काढायची, त्यातल्या छोट्या जाहिराती उतरवायच्या. एका वहीत हरवलेले, दुसऱ्या वहीत सापडलेले. मग दोन्ही वह्या मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर सरकवून, या वहीतला माणूस त्या वहीत आहे का ते बघत बसायच्या.

मी असताना तीन जोड्या जुळल्या. सापडलेल्यांत एक म्हातारी होती, डाव्या कानाची पाळी फाटलेली. एवढ्या एका खुणेवरून अक्कांनी तिच्या मुलाला ओरत्तनाडुजवळच्या खेड्यातून शोधून काढलं. तो बसनं आला. ओसरीवर बसून ताक प्याला. कागदाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यानं खिशात ठेवली, परत काढून बघितली, परत ठेवली. तो गेल्यावर मी कितीतरी वेळ त्या वहीकडं बघत उभा होतो. मला कागद दिसला की मी लांब सरकतो. कागद म्हणजे साहेब, सही, चूक, परत या. आणि इथं एक कागद अकरा वर्षं कपाटात पडून राहिला होता, तो त्या मुलाचीच वाट बघत असल्यासारखा.

तरीही मी अक्कांना माझ्या घरची गोष्ट सांगितली नव्हती.

माझा धाकटा चुलता याच धंद्यात, याच कावेरीच्या पट्ट्यात होता. दर रविवारी गावातल्या दुकानाच्या फोनवर त्याचा फोन यायचा. एका संक्रांतीच्या आधी त्यानं सांगितलं, आत्ता सुट्टी नाही, शिमग्याला येतो. त्यानंतर फोन नाही, माणूस नाही. तो जिथं काम करायचा तिथले म्हणाले, काम सोडून गेला. चुलतीनं आमच्या तालुक्याला तक्रार दिली, ती तिथंच राहिली. गावानं आपलं ठरवून टाकलं की त्यानं तिकडं दुसरं घर केलं. बायका नळावर तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या, तिकडच्या बाया काळ्या असल्या तरी जादू करतात म्हणे. ती घागर भरायची आणि निघायची. कपाळाचं कुंकू बावीस वर्षं तसंच.

मी इकडं यायला निघालो तेव्हा ती एसटीपर्यंत आली होती. म्हणाली, "तिकडं कुठं दिसला तर बोलू नगंस. भांडू तर अजिबात नगंस. अंगावर मांस हाय का तेवढं बघ आन् मला सांग."

आता मला सांगा, अक्कांच्या दुसऱ्या वहीत मी त्याला कसा शोधायला लावू? जोवर विचारलं नाही तोवर तो कुठंतरी जिवंत होता. कुणाचा का संसार असेना, जेवत होता. विचारलं आणि सापडला तर चुलतीच्या कपाळावरचं मी पुसल्यासारखं होणार. म्हणून मी अक्कांच्या वह्या उचलून द्यायचो, झेरॉक्स काढून आणायचो, आणि तोंड बंद ठेवायचो.

अक्कांचा एक नेम होता. पितृपक्षातल्या अमावस्येला सकाळी त्या सापडलेल्यांची वही घेऊन मागच्या अंगणात बसायच्या. प्रत्येक नोंद मोठ्यानं वाचायची, हातावरून तीळ-पाणी सोडायचं, मग पुढची. कुठल्या शास्त्रात असं सांगितलंय, मी एकदा विचारलं.

"शास्त्रांत नाहीं. यांस कोणी नाहीं, म्हणून."

"आणि देवाला चालतं?"

"न चाललें तर कोणास सांगेल? मज अजून कोणी अडविलें नाहीं."

दरवर्षी मी तेव्हा दुकानात असायचो. सातव्या वर्षी दुकान बंद होतं. केळीची पानं घेऊन आलो आणि पायरीवर बसलो. अक्का तमिळमध्ये वाचत होत्या. ऐकून मला सगळं कळत होतं. पुरुष, वय साठ, रेल्वेरूळ. स्त्री, वय तीस, विहीर. तीळ, पाणी. पुरुष, वय अंदाजे पस्तीस, ओरत्तनाडु रस्ता, कालव्याच्या बांधावर माडाखाली. डोक्यास मागून जखम. दोन्ही हातांची बोटं हळदीसारखी पिवळी. लग्नघरचा आचारी असावा. कोणी ओळखलं नाही.

तीळ, पाणी. अक्का पुढं गेल्या.

मी माझ्या बोटांकडं बघितलं. मधेच थांबवायचं तरी कसं, पुढच्या माणसाची पाळी सुरू झाली होती. आणखी तिघांचं वाचून झालं. मग मी उठलो, त्यांच्यासमोर बसलो आणि दोन्ही हात वहीवर पालथे ठेवले.

अक्कांनी हात बघितले. चष्मा काढून परत बघितले.

"तूं आचारी नाहींस," त्या म्हणाल्या.

"नाही अक्का. हे तेजाब आहे. धुऊन जात नाही."

"आणि मी सात वर्षें तुज हात धू म्हणतें." त्यांनी पानं मागं उलटून ती नोंद काढली. मग म्हणाल्या, "तो कागद माझ्याच टेबलावरून गेला होता, तंबी. मीहि आचारीच समजलें. पोलिस सारे लग्नमंडप फिरून आले. सोनाराच्या गल्लींत कोणी विचारलें नाहीं."

मग मी सगळं सांगितलं. चुलता, रविवारचे फोन, नळावरच्या बायका. त्यांनी तारीख बघितली. त्याच संक्रांतीनंतरचा चौथा दिवस. पण बोटं पिवळी असलेले आमच्याकडचे गडी या पट्ट्यात पुष्कळ. नक्की कळायला मूळ पंचनामा लागणार होता. माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, असं अक्का म्हणाल्या.

"तुम्ही कराल?"

"मी लिहितें. सही तूं कर. माणूस तुझा."

चार दिवस मी तो अर्ज उशाखाली ठेवला. पाचव्या दिवशी तमिळ मजकुराखाली मराठीत सही केली आणि तो टपालात टाकून आलो, घामाघूम होऊन.

उत्तर दीड महिन्यानं आलं. फोटोची झेरॉक्स नुसती काळी होती. पण पंचनामा स्वच्छ होता. कुणा रायटरनं, म्हणजे ठाण्यातल्या लिहिणाऱ्या पोलिसानं, एकाही खाडाखोडीशिवाय लिहिलेला. अक्का वाचत गेल्या आणि मी ऐकत गेलो. उंची, दात, पायाच्या भेगा. पांढरी बंडी, तिला आतून हातानं शिवलेला खिसा, हिरव्या कापडाचा, त्यावर पिवळी फुलं. खिसा रिकामा.

मी त्यांना तेवढंच परत वाचायला लावलं. ज्याच्यासाठी कुणी आलं नव्हतं असा एक मेलेला माणूस, त्याची बंडी उलटी करून त्या पोलिसानं आतल्या कापडावरची फुलं बघितली होती. कशासाठी? त्याला कुणी विचारणार नव्हतं. एवढं लिहिलं नसतं तरी त्याचा पगार थांबणार नव्हता. मी देवळात इतक्या वेळा गेलोय, पण हात आपोआप जोडले गेले ते त्या ओळीसमोर.

दुपारी मी चुलतीला फोन लावला. आवाज साधा ठेवला.

"काकी, काकाच्या बंडीला चोरखिसा होता का?"

"व्हता. सोनं जवळ ठेवाय लागतं म्हनला, म्हनून मीच शिवला. का रं?"

"कसल्या कापडाचा?"

पलीकडं शेळी ओरडत होती.

"हिरवं," ती म्हणाली. "पिवळी फुलं. माझ्या चोळीचं उरलेलं."

मी सांगितलं. कुठं, कधी, कसं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "संक्रांतीनंतर किती दिसांनी म्हनलास?"

"चौथ्या."

"मंजी शिमग्याला येनार व्हता." मग म्हणाली, "त्यो कुठं गेला नव्हता."

नंतर तिनं पंचनामा पहिल्यापासून वाचायला लावला. अक्का शेजारी बसून वाचत गेल्या, मी फोनवर मराठीत सांगत गेलो. खिशापाशी आल्यावर म्हणाली, "कुनी लिवलं हे?"

"पोलिसानं."

"त्याची बायकू शिवत आसंल. न्हायतर बाप्यामानसाला फुलं दिसत न्हाईत."

महिन्याभरानं ती आली. मिरजेच्या पुढं पहिल्यांदाच, दोन दिवस रेल्वेत, मांडीवर भाकरीचं गाठोडं. कपाळ मोकळं होतं. बेवारस प्रेतं पुरतात ती जागा अक्कांनी नोंदवहीवरून काढून ठेवली होती. गवत होतं, शेळ्या चरत होत्या. चुलतीनं मूठभर माती पदरात बांधली. परत आल्यावर ओसरीवर बसून ती आपणहून खिशाबद्दल बोलली.

"रिकामा व्हता म्हनं. मी शिवला नसता तर मागनं मारनाऱ्याला काय मिळालं नसतं."

अक्कांना तिची मराठी अर्धीच कळायची. एवढं मात्र कळलं. "खिसा होता म्हणून तूं येथें आहेस," त्या म्हणाल्या. "मारला कोणी, तें मज सांपडलें नाहीं. कागदांत नाहीं. मी शोधलें."

चुलतीनं मान हलवली.

मग अक्कांनी वही उघडली. जोडी जुळली की नोंदीपुढं नाव लिहायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी पेन उघडलं आणि माझ्याकडं नाही, चुलतीकडं बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं होतं, कारण आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चुलतीनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

तिनं मला हातानं थांबवलं आणि नाव सांगितलं. खणखणीत, नळावर ऐकू जाईल अशा आवाजात.

अक्कांनी ते तमिळ अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"वडलांचं ऱ्हायलं," चुलती म्हणाली, आणि तेही सांगितलं.