व्हायोलिनखालची ओळ

धारवाडला सप्तापूरच्या आमच्या घरात वरच्या खोलीत मॅडम राहायला आल्या, तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, कोर्टात शिरस्तेदार होते. पण धारवाडात लोक त्यांना ओळखत ते पेटीमुळं. चाळीस वर्षं त्यांनी गाणाऱ्यांना साथ केली. आई गेल्यावर पेटी कपाटावर चढली ती खाली आलीच नाही. मी बँकेतून येईपर्यंत ते खिडकीशी बसून असायचे.

मॅडम गोव्याच्या. कॉलेजात करारावर शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी उभ्यानं व्हायोलिन वाजवायच्या. त्यांचा गज आखूड, बाहेरच्या बाजूला बाक असलेला, तारा आतड्याच्या. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात जसं वाजवत तसं वाजवायला त्या परदेशी जाऊन शिकल्या होत्या. त्या संगीताला बरोक म्हणतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

एका रविवारी अप्पा जिना चढून वर गेले. मागोमाग मी.

"मॅडम, तुमचं व्हायोलिन अर्धा सूर उतरलंय."

मॅडम हसल्या. "मुद्दाम उतरवलंय, काका. त्या काळी पट्टी खाली असायची. म्हणून तर साथीला कुणी मिळत नाही. पियानोवाल्यांना सगळं एकेक पट्टी सरकवून वाजवावं लागतं, वैतागतात ते."

"त्यात काय अवघड? तुमचा सा पेटीवर काळी एकला आला. बस."

त्या दिवशी पेटी खाली उतरली.

अप्पांना पाश्चात्त्य लिपी येत नव्हती. मॅडम सांगत गेल्या आणि मी वहीत सारेगमात उतरवत गेले. पण मॅडम देत होत्या ती फक्त खालच्या, खर्जाच्या सुरांची ओळ, आणि काही सुरांखाली आकडे. सहा. सात. चार-तीन.

"हे काय?" अप्पांनी विचारलं.

"या सुरापासून सहावा सूर घ्या, एवढंच ते सांगतं. बाकी मधलं तुम्ही भरायचं."

"म्हणजे लिहिलेलंच नाही?"

"नाही. वाजवणाऱ्याला ते सुचायला हवं, असं धरून चालत."

अप्पांनी वही आपल्याकडं ओढली. मग म्हणाले, "आयुष्यभर गवयाच्या मागं मागं चाललो. इथं मला माझा रस्ता दिलाय की."

मग प्रत्येक रविवार त्यांचा झाला. एकच सोनाटा होता, चार भागांचा: संथ, जलद, पुन्हा संथ, पुन्हा जलद. तिसरा भाग आम्हां सगळ्यांचा लाडका. कागदावर तो अगदी साधा, मोजके लांब सूर. पहिल्यांदा मॅडम तसाच वाजवत आणि परतून वाजवताना त्यात हलके कंप, छोट्या हरकती घालत. प्रत्येक रविवारी वेगळ्या. अप्पा खूश होऊन मान हलवायचे. जलद भागात मॅडम धावायला लागल्या की "निधान, निधान" म्हणून कानडीत दटावायचे, आणि मॅडम लगेच आवरून घ्यायच्या. काही महिन्यांत त्यांचं 'काका'चं 'अप्पा' झालं.

पावसाळ्यात अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात वाचला, डावा गेला. भाता ओढायचा तो हात. पहिल्या रविवारी मॅडम खाली आल्या, व्हायोलिन न घेता. अप्पा चिडले.

"वाद्य कुठाय तुमचं? भाता ही ओढेल."

ही म्हणजे मी. त्यांच्या डाव्या अंगाला चिकटून मी बसायची, अप्पा श्वास घेतील तसा भाता ओढायची. चुकले की ओरडा बसायचा. आईच्या माघारी अप्पांच्या इतकी जवळ मी कधी बसले नव्हते. आठ-नऊ रविवार मिळाले तसे.

मग मॅडमचा करार संपला. त्या गोव्याला परत गेल्या. निघताना अप्पांच्या पाया पडल्या, अप्पा म्हणाले, "तिसऱ्या भागाची घाई करू नका."

दोघांनी फोनवरून वाजवून पाहिलं. पण गोव्याचा सूर धारवाडला पोचेपर्यंत अप्पा पुढच्या मात्रेवर गेलेले असायचे. दोन-तीनदा अडखळल्यावर अप्पा म्हणाले, "साकु, पुरे आता. तुम्ही वाजवा, मी ऐकतो." मॅडम एकट्या वाजवत राहिल्या. अप्पांची बोटं पांघरुणावर हलत होती. त्यांनी मधलं काय भरलं ते मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मार्चमध्ये अप्पा गेले.

ही माणसं शेजारी बसून वाजवत होती तेव्हा एकदाही फोन काढून रेकॉर्ड करावं असं मला सुचलं नाही. आता तोच सोनाटा मी कितीतरी जणांचा ऐकते. खालचे सूर तेच असतात, मधले प्रत्येकाचे निराळे. अप्पांचे कुठंच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मॅडमचा पणजीला कार्यक्रम होता. मी बसनं गेले. साथीला हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातलं वाद्य, होता, वाजवणारी मुलगी चांगली तयारीची. लोकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. नंतर आम्ही दोघी जवळच्या हॉटेलात जेवायला बसलो.

"कसं झालं?" मॅडमनी विचारलं.

"छान झालं."

"तिसरा भाग धावला का गं थोडा?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी माझ्या ताटात आणखी थोडा भात वाढला, आणि माझी बस किती वाजताची आहे ते विचारलं.