सरांचे शनिवार

संशोधनात लबाडी करताना सापडलेल्या माणसांना आता म्हणे रीतसर शिकवणी लावतात. एक अनुभवी माणूस त्यांना समोर बसवतो, कुठे घसरलात, का घसरलात ते विचारतो आणि पुन्हा कामाला लावतो. माझ्या मुलीने हे कौतुकाने सांगितलं तेव्हा मला आमचे सर आठवले. अशी शिकवणी मी सत्तरच्या दशकात नागपुरात रोज शेजारच्या टेबलावरून पाहिली आहे. ती मला मिळाली नाही, याचा जळफळाट अजून पुरता विझलेला नाही.

आम्ही दोघं एकाच सरांकडे मातीवर पीएचडी करत होतो. सरांचं नाव होतं ते त्यांच्या हातासाठी. चिमूटभर माती भिजवून मळायची, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी काढायची. पट्टी कितीशी लांब जाते, कुठे तुटते, बोटाला काय खरखरतं, एवढ्यावरून सर ती कुठल्या जमिनीची ते सांगत. प्रयोगशाळेतला निकाल मागाहून यायचा आणि बहुतेक वेळा सरांच्याच बाजूने यायचा. हे पुस्तक वाचून येण्यासारखं नव्हतं, कुणीतरी हात धरूनच शिकवावं लागे. सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि त्याआधी मला ते त्यांच्याकडून हवं होतं. त्या वर्षी मला दुसरं काहीच नको होतं.

शेजारच्या टेबलावरच्या माझ्या सोबत्याला मौद्याकडच्या गावांतून मातीचे नमुने आणायचे होते, कन्हान नदीकाठच्या गाळापासून वरच्या खडकाळ बरडापर्यंत. मे महिना होता. पठ्ठ्या मौद्याला एसटीतून उतरला, फाट्याजवळच्या एकाच वावरात बसून सगळ्या पिशव्या भरल्या, प्रत्येकीवर वेगळ्या गावाची चिठ्ठी डकवली आणि परतीच्या गाडीने घरी आला. माती कागदांवर सुकायला पसरली होती. सर येताजाता एकेका ढिगातली चिमूट मळत गेले. शेवटच्या ढिगापाशी थांबून त्याला म्हणाले, "काहून गा, इतकी गावं फिरला अन् माती एकाच बांधाची?"

तो तिथेच रडायला लागला. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं. मी माझी सगळी गावं पायी फिरलो होतो, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून आणि डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून. आता सरांना माणसातला फरक कळेल, असं माझ्या मनात आलं.

विभागप्रमुख म्हणाले, याचं नाव काढून टाका. सर म्हणाले, मी निवृत्त होईपर्यंत हा माझ्याकडे राहू द्या. आणि त्या दिवसापासून ते त्याचेच झाले.

दर शनिवारी दोघं मौद्याच्या एसटीत बसत. सर स्वतः खड्ड्यात उतरत. परत आल्यावर आधी हाताने ओळखायचं, ते लिहून सरांकडे द्यायचं, मग प्रयोगशाळेत तपासायचं. दोन्ही निकाल जुळले नाहीत तर दोन्ही तसेच ठेवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं. "हात अन् काचेची भांडी भांडू दे," सर म्हणत, "तू मधात पडू नको." दुपारी आपल्या डब्यातली भाकर मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवत. त्यांच्या डब्यातला ठेचा कसा लागतो, हे मला आजतागायत माहीत नाही.

रोज संध्याकाळी ते त्याला एक प्रश्न विचारत. "आज खोटं लिहावंसं वाटलं का?"

"वाटलं सर."

"कधी?"

"दुपारी. तेच तेच करून कंटाळा आला होता."

"कंटाळा आला का खोटं सुचते. मंग उठून चहा पेत जा."

आणि त्याला घेऊन चहाला जात. मी माझ्या टेबलावर मान खाली घालून बसायचो. कंटाळा मलाही येत होता. मला कोणी चहा पाजला नाही.

शेवटी एकदा धीर करून म्हटलं, "सर, एखाद्या शनिवारी मलेही घेऊन चला ना."

सर चकित झाले. "तुले कायले? तुयं काम चोख आहे."

चोख! त्या शब्दाचा मला इतका संताप आला की घरी जाऊन मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात घमेलंभर माती भिजवून बसलो. पट्ट्या काढायचो, त्या तुटायच्या. मातीच तशी होती की माझा हात चुकत होता, हे सांगणारं कुणी नव्हतं. आई दारात येऊन उभी राहिली. "पीएचडी करून राहिला का चुली लिंपून राहिला गा तू?" तिच्यावरसुद्धा मी ओरडलो.

हिवाळा गेला. सरांच्या निरोप समारंभाला एक पाहुणे मुद्दाम दोन पुड्यांत माती घेऊन आले होते. सर उठतील म्हणून सगळे खुर्च्या पुढे सरकवून बसले. सर उठलेच नाहीत. त्यांनी बोट करून माझ्या सोबत्याला पुढे बोलावलं. त्याने पहिली माती मळली, पट्टी काढली आणि अचूक सांगितली. टाळ्या पडल्या. दुसरी बराच वेळ मळत राहिला. मग हात खाली घेऊन म्हणाला, "ही मले नाही ओळखता आली."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मी सरांकडे पाहिलं. पहिल्या उत्तराला ते नुसते हसले होते. या उत्तराला त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. माझ्या कुठल्याही निकालाला, प्रबंधाच्या कुठल्याही प्रकरणाला त्यांचे डोळे असे कधी भरले नव्हते. त्या क्षणी मला माझा हा सोबती डोळ्यांसमोर नको झाला.

सर गावी निघून गेले. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच उरलो. महिनाभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. एका दुपारी माझ्या टेबलावर चिकण काळी माती होती आणि माझी पट्टी नेहमीसारखी तुटत होती. तो खुर्ची ओढून शेजारी बसला.

"हात दे," म्हणाला.

"कायले?"

"दे तर."

त्याने माझा अंगठा धरला. "दाबू नको. नुसता पुढं सरकव. कुठली माती ते आधीच ठरवून नको बसू. तिले बोलू दे." मध्येच थांबून पुन्हा सुरू करायची ती पद्धत, तो दटावणीचा खालचा सूर, सगळं सरांचं होतं. हे सगळं ते त्याला इतके महिने सांगत होते आणि मी शेजारच्या टेबलावर बसून चोख काम करत होतो. हात हिसकावून घ्यावासा वाटला. पण पट्टी तुटली नव्हती. ती बोटावरून पुढे पुढे जात होती, आणि मी हात तसाच त्याच्या हातात राहू दिला.