घराला वळसा घालून आलेला पाइप

हट्टा गावातल्या आमच्या घराची वाटणी झाली, तेव्हा मधे भिंत घातली, पण नळाचा लोखंडी पाइप एकच राहिला. तो धाकट्या भावाच्या अंगणातून माझ्याकडे यायचा. पुढं माझ्या नळाची धार बारीक झाली आणि मी गल्लीत सगळ्यांसमोर त्याला पाणीचोर म्हणालो. तो लपवून मोटार लावतो, असं मीच ठरवलं होतं.

यंदा माझा नळ पुरता बंद पडला. प्लंबरने माझ्या बाजूचा पाइप भिंतीलगत कापला. आत गंजाने पेन्सिलीएवढीही जागा ठेवली नव्हती आणि भिंतीपलीकडून पाणी जोरात येत होतं. भिंतीतला पाइपही बाहेरून सडला होता, त्यावर नवा जोड बसत नव्हता; तो भावाचं अंगण खणूनच द्यावा लागणार होता, म्हणून मी त्याच्या दारात गेलो.

"खणा की," तो म्हणाला. "आधी गल्लीत हुबं राहून सांगा, मी चोर न्हाई."

"म्हातारपणी तमाशा काहून करून राहिला?"

"तवा तमाशा कोणी केला, दादा? चला, बाया पाणीच भरून राहिल्या. बराबर टाइम हाय."

मी परत फिरलो. नवा पाइप रस्त्यावरून, सगळ्या घराला वळसा घालून आणला. एवढा वळसा कशाला, असं कुणी विचारलं की भावाने अडवलं म्हणून सांगत आलो. त्याने अडवलं नव्हतं आणि पाणीही चोरलं नव्हतं. हे लिहिता येतं. गल्लीत उभं राहून अजूनही बोलवत नाही.