टक् झालं की थांबायचं

मनगट मोडल्यापासून ताईंच्या हातून बरणीचं झाकणसुद्धा उघडत नव्हतं, आणि आज त्या विमानाची इंधनाची नळी जोडायला निघाल्या होत्या! हँगरमध्ये सगळे त्यांना ताईच म्हणत, वयानं मोठा असलेला फोरमनसुद्धा. त्यानं सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, ही एक जोडणी करून दाखवा. गळली, तर मग स्टोअरमध्ये बसा. माझाही नाइलाज आहे."

स्टोअरमध्ये बसायचं म्हणजे दिवसभर खोकी लावायची. सगळं आयुष्य नळ्यांत घालवलेल्या बाईला ते कसलं मानवतंय!

ताईंनी नळीचं टोक कर्ण्यासारखं फुलवलं, छान गुळगुळीत. ते समोरच्या जोडाच्या शंकूवर बसवलं आणि नट फिरवला. हवा तेवढा जोर लागला की 'टक्' करणारा लांब दांड्याचा पाना असतो, त्यानं आवळलं. टक्. मग नळीत दाब चढवला, आणि खाली धरलेल्या कागदावर इंधनाचा डाग उमटला.

झालं!

"अजून थोडं आवळा की," फोरमन म्हणाला. मग हळूच, "का मी आवळू?"

मनानं चांगला होता हो तो, पण ते वाक्य ताईंना झोंबलं. क्षणभर त्यांनाही वाटलं, गेला आपला हात. पाना उचललासुद्धा. आणि मग स्वतःवरच चिडल्या. पान्यानं टक् केलंय ना? मग हाताचा काय दोष? आणखी पिळलं तर फुलवलेलं टोक चिरेल, आणि फुटेल ते आकाशात!

"नाही," त्या म्हणाल्या. "सोडवून बघते."

दाब उतरवून त्यांनी नट सोडवला, शंकूवर टॉर्च मारला, नखानं चाचपलं. केसाएवढा ओरखडा होता. त्यावर नळी घट्ट बसणार कशी? त्यांनी शंकूवर मऊ तांब्याची पातळ टोपी चढवली, असले ओरखडे बुजवायलाच ती असते, आणि पुन्हा तेवढंच आवळलं. टक्. त्यापुढे तसूभरही नाही.

पुन्हा दाब चढवला. कागद कोरडा. दोघं बराच वेळ थांबले, तरी कोरडाच.

"पुढची नळी टेबलावर ठेवलीय," एवढंच म्हणून फोरमन वळला. ताईंना हसू आवरेना.

संध्याकाळी घरी त्यांनी बरणी नवऱ्यापुढे सरकवली. "अहो, एवढी उघडून द्या."

नवऱ्याचा चेहरा पडला. "अजून हातात जोर नाही आला?"

"नाही ना," ताई खुशीत म्हणाल्या. "पण लागतोय कुणाला?"